ग्रंथशोधक गुरुजी : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

आपल्या सभेच्या स्मरणिकेत एका थोर ज्ञातिबांधवाचे चरित्र दरवर्षी यावे, हा परिपाठ सर्वांस परिचित आहे. या वर्षी ते काम मजकडे आले, तेव्हा एका शिक्षकाचे चरित्र द्यावे असे मनात आले. राज्यकर्ते, वकील, संस्थाचालक यांची चरित्रे आपण वाचतोच. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांपैकी कोणीही नव्हते. ते शाळामास्तर होते. विद्यापीठाची पदवी त्यांजजवळ नव्हती. मॅट्रिकच्या परीक्षेपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. आयुष्यही पुरते पंचेचाळीस वर्षांचे लाभले नाही. तथापि भारतातील ज्योतिषग्रंथांचा साद्यंत इतिहास मराठीत प्रथम लिहिला तो या मास्तरांनी. त्या ग्रंथांपैकी कित्येक दुर्मिळ झाले होते, कित्येक अशुद्ध प्रतींतून कसेबसे तग धरून होते, तर कित्येकांचे केवळ नाव उरले होते.

येथे ज्योतिष या शब्दाने फलज्योतिष समजू नये. सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गतीचे गणित, पंचांगाची घडण आणि कालगणना असा त्याचा अर्थ प्रस्तुत लेखात घ्यावा. दीक्षितांनी जातकाच्या ग्रंथांचाही इतिहास दिला आहे. परंतु त्यांचा जीव रमला तो गणितात.

दीक्षितांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरूड या समुद्रकाठच्या गावी जुलै १८५३ मध्ये झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही गाव हेच. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथील तीन वर्षांचा क्रम त्यांनी पुरा केला, त्याबरोबरच इंग्रजीचा अभ्यास ठेवला आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे पदवीपर्यंत जाण्याचा मार्ग त्यांच्यासाठी नव्हता. त्यांनी नोकरी धरली.

प्रथम रेवदंड्याच्या मराठी शाळेवर ते मुख्याध्यापक झाले व १८८० पर्यंत तेथे राहिले. नंतर ठाण्याच्या मराठी शाळेत दोन वर्षे, बार्शीच्या इंग्रजी शाळेत १८८२ ते १८८९, धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात १८९४ पर्यंत आणि शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला. ज्या कॉलेजात ते विद्यार्थी म्हणून शिकले, तेथेच ते शिक्षक झाले. बदली होत राहणाऱ्या शिक्षकाचे जीवन कसे असते, हे आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांस सांगावयास नको. बिऱ्हाड हलवावयाचे, नवी शाळा, नवी मुले, आणि बैलगाडीत चढविताना सर्वांत जड होणारी वस्तू म्हणजे पुस्तकांची पेटी. दीक्षितांनी आपले सर्व संशोधन या बदल्यांच्या काळात केले.

मुलांवर त्यांचे लक्ष आरंभापासून होते. १८७६ साली त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ हे पुस्तक काढले व १८८२ साली ‘सृष्टिचमत्कार’. पुढे १८९२ साली आलेल्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात त्यांनी आकाशातील गोष्टी सामान्य वाचकास समजतील अशा रसाळ भाषेत सांगितल्या. ज्यास एखादी कठीण गोष्ट दहा वर्षांच्या मुलास समजावून सांगण्याची सवय आहे, त्याचे स्वतःचे समजणेही स्वच्छ राहते. दीक्षितांच्या मोठ्या ग्रंथात हा गुण पानोपानी आढळतो.

रेवदंड्याच्या दक्षिणेस, जंजिऱ्याच्या मुलखात, समुद्रकाठी नांदगाव नावाचे गाव आहे. गणेश दैवज्ञ हे तेथील. त्यांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. त्यापूर्वी ग्रहांची स्थाने काढण्यास ज्या आणि कोज्या यांची लांबलचक कोष्टके वापरावी लागत. गणेश दैवज्ञांनी ती टाळून सोप्या बेरीज-वजाबाकीने व गुणाकार-भागाकाराने चालेल अशी रीत बसविली. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र मानल्यामुळे मोठमोठ्या संख्याही टळल्या. महाराष्ट्रातील जोशी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे केली ती याच ग्रंथावरून. परंतु सोय झाली की मूळ शोधण्याची गरज वाटेनाशी होते. ‘ग्रहलाघव’ घरोघरी पोचला आणि त्यामागचे थोर सिद्धान्तग्रंथ बासनात पडून राहिले. त्यांच्या नकला होईनाशा झाल्या आणि जुन्या प्रती कसरीने खाल्ल्या.

दीक्षितांच्या तरुणपणी या ग्रंथांची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाची किंमत कळणार नाही. आर्यभटाचे नाव सर्वांस ठाऊक होते, परंतु त्याचा ग्रंथ युरोपीय पंडितांस सापडत नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी दक्षिणेकडून त्याच्या प्रती मिळविल्या आणि १८६५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा खरा आर्यभट जगापुढे आला. पुढे १८७४ साली केर्न या पंडिताने तो ग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे छापविला. सन ४९९ च्या सुमाराचा आपला ग्रंथ, आणि त्याचे मुद्रण हॉलंडात! मुंबई सरकारने १८६८ च्या सुमारास हस्तलिखितांचा पद्धतशीर शोध सुरू केला. ब्यूलर, कीलहॉर्न, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व पीटर्सन यांनी गावोगावच्या पोथ्या मिळवून सरकारी संग्रहात आणल्या. हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवला होता. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तो तेथे गेला. १८८८ साली महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम स्थापन केला व तेथेही पोथ्या जमू लागल्या.

पोथ्या जमल्या, पण जमलेली पोथी वाचणार कोण? काव्याच्या पोथीत एखादे अक्षर चुकले तर संस्कृत जाणणारा अर्थावरून ते दुरुस्त करतो. गणिताच्या पोथीत तसे होत नाही. या ग्रंथांत संख्या आकड्यांनी न लिहिता शब्दांनी लिहिलेल्या असतात. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. रस म्हणजे सहा आणि रद, म्हणजे दात, हा शब्द बत्तीस या संख्येसाठी. नकलणाऱ्याने रस या शब्दातील स चा द केला की सहाचे बत्तीस होतात. वृत्त बिघडत नाही, व्याकरण बिघडत नाही, आणि ग्रह मात्र भलत्याच राशीत जाऊन बसतो. अशी पोथी दुरुस्त करण्यास संस्कृत व गणित दोन्ही यावी लागतात, आणि शिवाय एकेका श्लोकासाठी आठवडा आठवडा बसण्याची चिकाटी लागते.

या कामाकडे दीक्षित वळले ते पंचांगाच्या वादामुळे. आपल्या पंचांगांतील वर्षमान खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे सुमारे साठ वर्षांत एक दिवस, याप्रमाणे आपले संक्रमण ऋतूंपासून पुढे सरकते. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळू लागतो तो डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस, आणि आपण मकरसंक्रांत करतो जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेस. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले होते. पटवर्धनी पंचांग ते हेच. विसाजी रघुनाथ लेले यांचे मत असे की पंचांग ऋतूंशी जुळणारे, म्हणजे सायन असावे. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी मिळून शके १८०६, म्हणजे १८८४ पासून सायन पंचांग काढण्यास आरंभ केला.

वादात पडलेला सामान्य मनुष्य आपल्या पक्षास सोयीची वचने शोधतो. दीक्षितांनी सर्वच ग्रंथ पाहावयाचे ठरविले. कोणत्या ग्रंथात वर्षमान किती दिले आहे, तो ग्रंथ केव्हाचा, त्याच्या कर्त्याने आधार कोणाचा घेतला, आणि आज तो कोणत्या प्रांतात चालतो, या प्रश्नांची उत्तरे त्यांना हवी होती. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पंचांगे पाहिली आणि ती कोणत्या ग्रंथांवरून होतात ते नोंदविले. स्वतःच्या मालकीचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांजजवळ नव्हता. सरकारी संग्रहातील पोथी, आनंदाश्रमातील पोथी, छापलेले असेल ते पुस्तक, जोशी कुटुंबांजवळील परंपरा, असे जेथे जे मिळेल ते पाहून त्यांनी त्याचे सार वहीत उतरले. त्यांचा संग्रह तो हाच. बार्शीस राहून शाळेचे तास सांभाळायचे आणि पुण्यातील पोथ्यांचा अभ्यास करायचा, हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यांची एक रीत येथे सांगण्यासारखी आहे. ज्योतिषाच्या ग्रंथांत करण नावाचा एक वर्ग आहे. सिद्धान्तग्रंथात गणना युगारंभापासून असते आणि त्यामुळे संख्या अवाढव्य होतात. करणग्रंथाचा कर्ता आपल्या जवळचे एखादे वर्ष आरंभ म्हणून घेतो आणि त्या दिवशीची ग्रहस्थाने तयार करून देतो. ते वर्ष सापडले की ग्रंथाचा काळ सापडला. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिके’त शके ४२७, ब्रह्मगुप्ताच्या ‘खंडखाद्यका’त शके ५८७, भोजराजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘राजमृगांका’त शके ९६४, ब्रह्मदेवाच्या ‘करणप्रकाशा’त शके १०१४, शतानंदाच्या ‘भास्वती’त शके १०२१, भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’त शके ११०५, अशी ही साखळी आहे. दीक्षित एवढ्यावर थांबत नसत. दिलेली ग्रहस्थाने कोणत्या सिद्धान्तावरून येतात, हे स्वतः गणित करून पाहत. उत्तर जमले तर ग्रंथाचे कूळ कळे. न जमले तर पोथीतील चूक कोठे आहे ते कळे. ज्या पोथीचे पहिले आणि शेवटचे पान हरवले आहे, तिचेही वय अशा गणिताने निघते.

या रीतीचे सर्वांत मोठे फळ ‘पंचसिद्धान्तिके’च्या अभ्यासात दिसले. वराहमिहिराने आपल्या काळी चालू असलेल्या पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश व सौर या पाच सिद्धान्तांचे सार त्या ग्रंथात दिले आहे. मूळ पाचही ग्रंथ त्या रूपात नष्ट झाले, त्यामुळे हा सारग्रंथ अनमोल ठरला. परंतु त्याच्या हाती आलेल्या पोथ्या अत्यंत अशुद्ध होत्या. १८८९ साली काशी येथे डॉ. थिबो आणि महामहोपाध्याय सुधाकर द्विवेदी यांनी तो छापला. त्याच सुमारास दीक्षितही या ग्रंथाशी झुंजत होते. त्यांनी ताडून पाहिले की ‘पंचसिद्धान्तिके’तील सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे ३० विपळे आहे, तर आज उपलब्ध असलेल्या ‘सूर्यसिद्धान्ता’त विपळे ३१.४ भरतात. भेद जेमतेम दीड विपळाचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक. एवढ्या भेदाकडे कोणाचेही दुर्लक्ष व्हावे. दीक्षितांनी ग्रहांच्या इतर गतीही तपासल्या आणि मूळचा सूर्यसिद्धान्त निराळा होता, असे दाखवून दिले. त्यांचा हा इंग्रजी लेख १८९० साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रात आला. रोमक सिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस १४ घटी ४८ पळे आहे आणि ते हिपार्कस या ग्रीक ज्योतिष्याच्या वर्षाशी तंतोतंत जुळते, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदविले. आपल्या पूर्वजांचा त्यांना मोठा अभिमान होता, परंतु त्यासाठी गणिताचे उत्तर बदलावे असे त्यांना कधी वाटले नाही.

शिलालेखांच्या अभ्यासकांसही या मास्तरांची गरज पडली. डॉ. फ्लीट हे गुप्त राजांच्या लेखांचा ग्रंथ सिद्ध करीत होते. गुप्त संवत केव्हा सुरू झाला, यावर तेव्हा मोठा वाद होता आणि वेगवेगळ्या मतांत शतकाहून अधिक अंतर पडत होते. त्या काळच्या काही ताम्रपटांत वर्षांस महाचैत्र, महावैशाख अशी नावे दिली आहेत. उदाहरणार्थ, महाराज हस्ती याच्या गुप्त संवत १५६ च्या ताम्रपटात महावैशाख हे नाव आहे. गुरू ज्या नक्षत्रात असताना सूर्यतेजातून बाहेर पडून पुन्हा दिसू लागतो, त्यावरून वर्षास नाव द्यावे, असा नियम वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त आहे. व्यवहारातून तो नियम गेला होता, पुस्तकात मात्र होता. दीक्षितांनी त्या नियमाने गुरूचे उदय गणिताने काढले आणि ताम्रपटांतील नावे इसवी सन ३१९-२० या आरंभाशी जुळतात, असे दाखविले. १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथात दीक्षितांचे हे गणित समाविष्ट आहे. इतर कोणी न उघडलेले एक पान एका शिक्षकाने लक्षपूर्वक वाचले आणि एका साम्राज्याचा काळ निश्चित होण्यास आधार मिळाला.

याचा संबंध आपल्या जिल्ह्याशीही पोचतो. भद्रावतीस, म्हणजे जुन्या भांदक येथे, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा ताम्रपट सापडला. अशा लेखातील तिथीची इंग्रजी तारीख कशी काढावी, यासाठी दीक्षित व मद्रासकडील अधिकारी रॉबर्ट स्यूएल या दोघांनी मिळून ‘इंडियन कॅलेंडर’ हा कोष्टकांचा ग्रंथ केला. तो १८९६ साली लंडनला छापला गेला. सन ३०० ते १९०० पर्यंतच्या प्रत्येक वर्षाची कोष्टके त्यात आहेत.

आता त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस श्रावणात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमलात त्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांस पारितोषिके देण्याकडे वळला व त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली. ज्योतिषाच्या इतिहासावर ग्रंथ हवा, अशी त्या कमिटीची मागणी होती. दीक्षितांनी बार्शीस असताना तो लिहून काढला व १८९१ साली त्यास पारितोषिक मिळाले. नंतरही त्यांनी त्यात भर घालणे चालूच ठेवले. १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या नावाने तो बाहेर पडला. पहिल्या भागात वेद व वेदांग यांचा काळ आहे. दुसऱ्यात सिद्धान्तकाळ, आणि त्यात गणित, संहिता व जातक हे तीन स्कंध. कर्त्यामागून कर्ता येतो. त्याचे गाव, कूळ, शक, त्याचे ग्रंथ, त्यांवरील टीका, आणि कोठे काय उपलब्ध आहे याची नोंद येते.

‘वेदांगज्योतिषा’तील जे श्लोक वेबर, थिबो इत्यादी पंडितांस पुरते उलगडले नव्हते, त्यांपैकी कित्येकांचा अर्थ दीक्षितांनी लावला. ‘शतपथब्राह्मणा’त कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. कृत्तिका बरोबर पूर्वेस केव्हा उगवत असतील, याचे त्यांनी गणित केले आणि ती स्थिती इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची आहे, असे मांडले. त्या उल्लेखाचा अर्थ व त्यावरून निघणारा काळ यांविषयी पंडितांत मतभेद झाले आणि ते आजही आहेत. परंतु जुन्या वचनास गणिताच्या कसोटीवर घासून पाहण्याची त्यांची दृष्टी सर्वांनी मानली.

धुळ्यास ते पाच वर्षे होते. त्याच खानदेशात, चाळीसगावाजवळ पाटणे येथे, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ इत्यादी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील राजांनी त्यास दाने दिली, असे त्या लेखावरून समजते. हा लेखही भाऊ दाजींनीच उजेडात आणला. शास्त्राचा ग्रंथ टिकवावयाचा तर त्याचे पठन चालू राहिले पाहिजे, हे चांगदेवास आठशे वर्षांपूर्वी उमगले होते. मठ गेला, परंतु भास्कराचार्यांचे ग्रंथ राहिले; कारण त्यांवर टीका होत राहिल्या, त्यांच्या नकला होत राहिल्या, आणि शिष्य ते शिकत राहिले.

मुख्य ग्रंथ छापून झाला आणि पुरती दोन वर्षेही गेली नाहीत, तोच २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यास दीक्षितांचा अंत झाला. वय अवघे चव्वेचाळीस. ‘धर्ममीमांसा’ या १८९५ च्या पुस्तकावरून दिसते की त्यांचे चिंतन आकाशापुरते मर्यादित नव्हते. आणखी वीस वर्षे मिळती तर त्यांनी काय केले असते, याचा विचार मनास चटका लावून जातो.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. दुर्मिळ ग्रंथांचा इतिहास लिहिणाऱ्याचा स्वतःचा ग्रंथच दुर्मिळ झाला. १९३१ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, पण तीही संपली. १९५७ साली शिवनाथ झारखंडी यांचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेशातून प्रसिद्ध झाला. भारत सरकारने रा. वि. वैद्य यांच्याकडून इंग्रजी भाषांतर करवून त्याचे दोन भाग १९६९ व १९८१ साली प्रसिद्ध केले. सायन गणनेचा जो आग्रह लेले, मोडक व दीक्षित यांनी धरला, त्यास सरकारी व्यवहारापुरते यश आले ते स्वातंत्र्यानंतर. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवसापासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले आणि त्याचे महिने ऋतूंस धरून आहेत. सण मात्र आपण जुन्याच गणनेने करतो. दीक्षितांची वाटही पुढे चालत राहिली. रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे या इंजिनियर गृहस्थांनी वास्तू, यंत्रे, नौका यांवरील जुन्या शिल्पग्रंथांचा असाच शोध घेतला आणि १९२४ साली ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ प्रसिद्ध केले.

आता आपल्याकडे. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून निराळा झालेला गडचिरोली जिल्हा हा पावसाचा व अरण्याचा मुलूख. येथे वाळवी घराच्या तुळईस सोडीत नाही, तर पोथीस काय सोडील? तरीही आपल्या घरांत पुस्तके आहेत. कोणाच्या घरी जोशीपणाच्या पोथ्या; दक्षिणेस सिरोंच्याकडे जुनी तेलुगू पंचांगे; कोणाचे आजोबा ओव्हरसियर, कोणाचे मोजणीदार, कोणाचे जंगलखात्यात; त्यांची रस्ते, पूल, मोजणी, लाकूड यांवरील पुस्तके. वरोऱ्यास १८७१ पासून १९०६ पर्यंत कोळशाची सरकारी खाण चालली. त्या काळची खाणकामाची पुस्तके कोणाच्या ट्रंकेत असणे अशक्य नाही. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल किंवा १९०९ चे गॅझेटियर यांची मूळ प्रत आज बाजारात मागून मिळत नाही.

येथे माझा स्वतःचा अपराध सांगणे भाग आहे. आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या हातची ‘ग्रहलाघवा’ची नक्कल लाल रुमालात बांधलेली होती. दसऱ्यास तिची पूजा होई. चाळीस वर्षे मी मुलांस पुस्तके जपण्याचा उपदेश केला आणि तो रुमाल एकदाही सोडला नाही. एका पावसाळ्यानंतर सोडला, तेव्हा कापड शाबूत होते आणि आत माती होती. आजोबांनी ती कोणत्या गावी, कोणत्या शकात, कोणाच्या प्रतीवरून उतरली, हे शेवटच्या पानावर लिहिलेले असणार. ते आता कोणासही कळणार नाही. दीक्षितांचे चरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचले, आणि पूजेने पोथी वाचत नाही, हे तेव्हा मला नीट कळले.

म्हणून सभासद कुटुंबांस विनंती आहे. या दिवाळीच्या साफसफाईत माळा व ट्रंका उघडाव्यात. रद्दीवाल्यास काही देण्यापूर्वी पुस्तकाचे पहिले पान व छापल्याचे वर्ष पाहावे. हस्तलिखित असेल तर प्रथम व अंतिम पानांचे छायाचित्र घ्यावे. घरातील नातवंडे मोबाइलवर ते क्षणात करतील. शेवटच्या पानावरील पुष्पिकेत लेखकाचे नाव, गाव व शक असतो; तो भाग सर्वांत महत्त्वाचा. पुस्तके भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावीत, वेखंडाची पुरचुंडी घालावी, आणि मृगापूर्वी एकदा व दसऱ्यास एकदा उघडून वारा द्यावा. घरात वाचणारे कोणी नसेल तर सांभाळणाऱ्या संस्थेस द्यावीत. ग्रंथाचे नाव, वर्ष व घराचे नाव एवढी नोंद सभेकडे पाठविल्यास पुढील स्मरणिकेत त्यांची सूची करण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.

शंकर बाळकृष्ण दीक्षित आपल्या ज्ञातीत जन्मले, ही गोष्ट आपणांस आनंदाची खरी. परंतु तो आनंद त्यांच्या नावापुरता ठेवला तर आपणही रुमालाचीच पूजा केली असे होईल. त्यांजजवळ पदवी नव्हती, धन नव्हते, वेळही नव्हता. शाळा सुटल्यावर उरलेला दिवस आणि दुसऱ्याच्या मालकीच्या पोथ्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी एका शास्त्राची वंशावळ लिहिली. आपल्या माळ्यावरची एक गाठ सोडण्यास याहून अधिक भांडवल लागत नाही.